सिस्टरच्या थकव्याची मोजदाद

दवाखान्यात सारखं काही ना काही मोजणं चालू असतं. ताप मोजतात, नाडी मोजतात, रक्तदाब मोजतात, सलाईनचे थेंब मिनिटाला किती पडतात तेही मोजतात. हे मोजणारा हात बहुतेक वेळा एखाद्या सिस्टरचा असतो. ती खाटेशी येते, आकडा पाहते, तक्त्यावर लिहिते आणि पुढच्या खाटेकडे वळते. तिच्या स्वतःच्या थकव्याचा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यावर नसतो. तो मोजण्याची पट्टी तयार झाली त्याला अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत. ती कुणी तयार केली, कशी केली आणि मोजून पुढे काय झालं, ती हकिगत आज सांगायची आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. त्यामुळे आकड्यांकडे जाण्याआधी थोडं शब्दांपाशी थांबतो. इंग्रजीत या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात, म्हणजे जळून संपणं. मराठीत आपल्याकडे शीण आहे, थकवा आहे, दमणूक आहे. पण शीण रात्रीच्या झोपेनं जातो. उबग आहे, वीट आहे. पण त्यात शरीराचं दमणं येत नाही. दोन्ही एकत्र सांगणारा एक शब्द आपण रोज वापरतो, 'बेजार'. तो फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला की परका वाटत नाही. बेजार झालेला माणूस दमलेला असतो आणि ज्यानं दमला त्याला कंटाळलेलाही असतो. आमच्या घरच्या बोलीत आजाऱ्याची सेवा करण्याला 'तीमारदारी' म्हणतात. फारसीत 'तीमार' म्हणजे काळजी, दुःखही. तीमारदार म्हणजे दुसऱ्याची काळजी वाहणारा. मराठीतली 'परिचारिका' ही भोवती फिरत राहणारी. एका शब्दात वाहणं आहे, दुसऱ्यात चालणं आहे. दोन्ही थकवणारीच कामं.

आधुनिक परिचर्येचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून सुरू करायची रीत आहे. शाळेच्या धड्यात त्या हातात दिवा घेऊन भेटतात. प्रत्यक्षात त्यांच्या हातात दिव्याइतकीच वही असायची. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रियांना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. क्रिमियाचं युद्ध चालू होतं. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथे दर १०० रुग्ण सैनिकांमागे ४२ दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला, गटारं साफ झाली, पाणी सुधारलं आणि जूनपर्यंत हे प्रमाण २ वर आलं. परत आल्यावर नाइटिंगेलबाईंनी मृत्यूंचे आकडे फुलाच्या पाकळ्यांसारख्या आकृतीत मांडले. जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले, हे ती आकृती पाहणाऱ्याला एका नजरेत कळायचं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. पुढे हिंदुस्थानात कधी न येताही त्यांनी इथल्या आरोग्याच्या आकड्यांचा पिच्छा पुरवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

पण त्या आकृतीत सैनिक होते, परिचारिका नव्हत्या. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावानं परिचारिकांची शाळा निघाली. तिथे प्रत्येक उमेदवार मुलीचा दरमहा तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा असे त्यात रकाने होते. म्हणजे नर्सला मोजायला सुरुवात झाली ती तिच्या चारित्र्यापासून. ती थकते, हे मोजायची गोष्ट मानली गेली नाही. खुद्द नाइटिंगेलबाई १८५५ मध्ये क्रिमियात तापानं अंथरुणाला खिळल्या आणि परतल्यावर कितीतरी वर्षं आपल्या खोलीतूनच काम करत राहिल्या.

यानंतर शंभर वर्षं पुढे जाऊ. १९५० च्या दशकात लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयानं टॅव्हिस्टॉक संस्थेच्या इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंना बोलावलं. अडचण साधी वाटत होती. शिकाऊ नर्सेसना वॉर्डांत कामाच्या पाळ्या लावण्याची पद्धत कोलमडू लागली होती. मेंझिस आत शिरून पाहू लागल्या तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. शिकाऊ मुलींपैकी जवळजवळ एकतृतीयांश शिक्षण पुरं न करता निघून जात होत्या. एका रुग्णाची सगळी सेवा एकीकडे नसे. एकीनं सगळ्यांचे ताप घ्यायचे, दुसरीनं सगळ्यांची भांडी द्यायची, अशी कामाची वाटणी होती. रुग्णाचं नाव घेतलं जात नसे. 'दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर' असं म्हणायचं. मेंझिस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडलं की ही सगळी व्यवस्था नकळत एका कामासाठी उभी राहिली आहे : मरणाच्या आणि वेदनेच्या इतक्या जवळ राहिल्यानं जी धास्ती वाटते, ती दूर ठेवण्यासाठी. रुग्णाला नाव नसलं की त्याच्या जाण्याचं दुःखही कमी, असा तो हिशेब. पण त्यानं धास्ती जात नव्हती आणि रुग्ण बरा होताना पाहण्याचं समाधान मात्र जात होतं. बर्नआउट हा शब्द त्या निबंधात नाही. पण ज्याला पुढे हे नाव मिळालं, त्याचं पहिलं नीट वर्णन मला तिथे दिसतं.

नाव आलं ते न्यूयॉर्कमधून. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मूळचे जर्मनीतले ज्यू. लहानपणी नाझींपासून निसटून अमेरिकेत आले आणि मानसतज्ज्ञ झाले. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळी ते एका मोफत दवाखान्यात जात. तिथे नशेच्या आहारी गेलेली तरुण मुलं येत. नशेनं पोखरून निघालेल्या मुलाला त्या वस्तीत 'बर्न्ट आउट' म्हणत. फ्रॉइडनबर्गर यांच्या लक्षात आलं की वर्षभरात तिथले स्वयंसेवकही तसेच दिसू लागतात : चिडचिडे, कोरडे, सतत सर्दी-डोकेदुखीनं त्रस्त. आणि आपलंही तेच होतं आहे. १९७४ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि रुग्णांना लावलं जाणारं विशेषण सेवा करणाऱ्यांना लावलं. हा शब्द त्याआधी कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतही होता. बोटं झडून रोग थांबला की त्या रोग्याला 'जळून संपलेला' म्हणत. ग्रॅहम ग्रीनच्या काँगोतल्या कुष्ठधामावरच्या कादंबरीचं नाव त्यावरूनच आलं. रोग थांबतो, पण तोवर बोटं गेलेली असतात, असा या शब्दाचा जुना अर्थ.

फ्रॉइडनबर्गर यांनी पाहिलं आणि लिहिलं. मोजण्याचं काम कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मॅस्लाक या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंनी केलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून एक प्रयोग झाला होता. पहारेकरी झालेली मुलं पाहता पाहता क्रूर झाली. तो प्रयोग दोन आठवडे चालायचा होता, सहा दिवसांत थांबवावा लागला. तो थांबवा, असं ठणकावून सांगणारी तरुण संशोधक म्हणजे मॅस्लाक. माणूस दुसऱ्या माणसाला वस्तूसारखं कधी वागवू लागतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. पुढे त्या डॉक्टर, नर्सेस, समाजसेवक यांच्या मुलाखती घेऊ लागल्या. सगळे एकच सांगत : सुरुवातीला जीव ओतला, मग आटलो, मग समोरच्याविषयी काही वाटेनासं झालं. एका वकिलाला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गरिबांचे खटले चालवणारे आम्ही लोक याला बर्नआउट म्हणतो.

मग मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी प्रश्नावली बांधायला घेतली. पहिल्या खर्ड्यात ४७ विधानं होती. ती ६०५ जणांकडून भरून घेतली. ज्या विधानांची उत्तरं एकमेकांबरोबर हलतात त्यांचे गट पाडले, बाकीची गाळली, उरलेली आणखी ४२० जणांना दिली. १९८१ मध्ये शेवटी २२ विधानं राहिली. त्यांचे तीन गट आहेत. मन रितं होण्याविषयी ९, समोरचा माणूस वस्तू वाटू लागण्याविषयी ५ आणि आपल्या हातून काही चांगलं होतं आहे या भावनेविषयी ८. प्रत्येक विधानापुढे, हे किती वेळा वाटतं, ते लिहायचं. कधीच नाही याला ०, रोज याला ६. कागदावर बर्नआउट हा शब्द मुद्दाम ठेवला नाही. तो वाचून उत्तरं बदलतील म्हणून.

साधीच युक्ती वाटते. पण एक मोठी गोष्ट झाली होती. परिचारिकेला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं, 'तुला किती वेळा असं वाटतं?' आणि तिचं उत्तर विज्ञानाच्या तक्त्यात जात होतं.

माझी थोरली बहीण, आपा, एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नर्स होती. आता निवृत्त आहे. या विषयावर वाचत असताना मी त्या तीन गटांचा मतलब तिला सांगितला. मन रितं होणं ऐकून ती म्हणाली, ''नाईटला साठ पेशंट आणि आम्ही दोघी. पहाटे चारला पाय माझे नसायचेच.'' काम चांगलं झाल्याची भावना, यावर म्हणाली, ''तीही रोजच. एखादं पोर ताप उतरून खिचडी मागायला लागलं की बरं वाटायचंच की.'' म्हणजे दोन्हीकडे ६. दुसऱ्या गटाशी मात्र ती अडली. रुग्णाचं काय होतं याची पर्वा वाटेनाशी झाली का, असं विचारतात, म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ''ऐसा लिख के कौन देगा बाबा? और मेट्रन ने पढ लिया तो?''

आपाला ठाऊक नव्हतं, पण तिचा आक्षेप युरोपात आधीच नोंदला गेला होता. डेन्मार्कमध्ये तागे क्रिस्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅस्लाक यांची प्रश्नावली वापरून पाहिली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना काही प्रश्न अपमानास्पद वाटले. म्हणून त्यांनी २००५ मध्ये १९ प्रश्नांची वेगळी 'कोपनहेगन' प्रश्नावली मांडली. तिचा सगळा रोख थकव्यावर आहे : एकूण आयुष्यातला थकवा, कामाचा थकवा आणि ज्यांची सेवा करतो त्या माणसांमुळे येणारा थकवा. मॅस्लाक यांची प्रश्नावली विकत घ्यावी लागते. ही कुणालाही मोफत वापरता येते. आपल्याकडे नर्सिंगच्या विद्यार्थिनी प्रबंधासाठी यांतलीच एखादी प्रश्नावली घेतात.

आता पट्टीतला दुसरा दोष. मन रितं होण्याच्या ९ प्रश्नांत जास्तीत जास्त ५४ गुण होतात. २७ किंवा त्याहून जास्त आले की 'तीव्र बर्नआउट' असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. हा २७ आला कुठून? ताप १०० च्या वर गेला की शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. २७ चं तसं नव्हतं. सुरुवातीला ज्यांनी प्रश्नावली भरली त्यांची गुणांप्रमाणे रांग लावली, तिचे तीन सारखे भाग केले आणि वरच्या भागाला 'तीव्र' म्हटलं. रांगेचे तीन भाग केल्यावर वरचा भाग निघणारच! २०१६ मध्ये प्रश्नावलीच्या चौथ्या आवृत्तीत या सीमारेषा काढून टाकल्या. तोवर संशोधकांनी आपापल्या सोयीच्या रेषा मारल्या होत्या. डॉक्टरांमधल्या बर्नआउटच्या १८२ अभ्यासांची २०१८ मध्ये छाननी झाली, तेव्हा त्यांत बर्नआउटच्या १४२ निरनिराळ्या व्याख्या सापडल्या आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही निघत होतं. म्हणून 'अमुक टक्के परिचारिकांना बर्नआउट' अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, रेषा कुठे मारली?

मग ही मोजदाद वाया गेली का? नाही. तिचा खरा उपयोग एका नर्सनंच करून दाखवला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन या मूळच्या परिचारिका, नंतर समाजशास्त्रज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या १०,१८४ परिचारिकांकडून माहिती घेतली. मन रितं होण्याचे प्रश्न मॅस्लाक यांचेच होते. त्याच रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी शेजारी ठेवल्या. २००२ च्या ऑक्टोबरात निष्कर्ष छापून आले. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. चारऐवजी आठ रुग्ण दिले तर ती ३१ टक्क्यांनी वाढते. बर्नआउट झालेल्या आणि कामावर नाखूश असलेल्या परिचारिकांपैकी ४३ टक्के वर्षभरात नोकरी सोडायचं म्हणत होत्या. जिथे यांतलं काहीच नव्हतं, त्या गटात हे प्रमाण ११ टक्के होतं.

इथे खाटांवरचे मृत्यू आणि सिस्टरचा थकवा एकाच कागदावर आले. नाइटिंगेलबाईंच्या आकृतीत जे नव्हतं, ते आलं. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये एका नर्सकडे किती रुग्ण असावेत हे ठरवणारा कायदा मंजूर झाला होता. २००४ च्या जानेवारीपासून तो अमलात आला : साध्या वॉर्डात एकीकडे सहा, २००५ पासून पाच, अतिदक्षता विभागात दोन. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनीच वाढलेली दिसली. २०२४ मध्ये ३२ देशांतल्या २,८८,५८१ परिचारिकांवरचे ८५ अभ्यास एकत्र पाहिले गेले. बर्नआउट जास्त तिथे रुग्णालयात जडणारे संसर्ग जास्त, रुग्ण पडण्याचे प्रकार जास्त, औषधांच्या चुका जास्त, असंच त्यात आढळलं. हे अभ्यास दोन गोष्टी सोबत चालतात एवढं दाखवतात. एकीमुळेच दुसरी होते हे प्रत्येक ठिकाणी सिद्ध होत नाही. पण इतक्या देशांत त्या सोबत चालत असतील, तर दुर्लक्ष करणाऱ्यानं कारण द्यायला हवं.

मला यात एक गोष्ट बोचते. बाई दमली आहे, एवढं सांगून कुणी हललं नाही. तिच्या दमण्यानं रुग्ण मरतो, हे आकड्यांत दाखवल्यावर लोक ऐकू लागले. तिचा थकवा स्वतःच्या वजनावर कधी मोजलाच गेला नाही.

आपल्या देशाचं काय? भोर समितीनं १९४६ च्या अहवालात लिहून ठेवलं की या देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स आहे. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक होता. पुढे १९८७ मध्ये केंद्र सरकारनं सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्येसाठी उच्चाधिकार समिती नेमली, १९८९ मध्ये तिचा अहवाल आला. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत : शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी वर ३० टक्के. कागदावरचे हे आकडे वाईट नाहीत. पण ते पाळींत वाटले जातात. साठ खाटांना बारा सिस्टर म्हणजे रात्री बारा नव्हेत. सकाळ, दुपार, रात्र, साप्ताहिक सुट्टी असं वाटत गेलं की रात्रीच्या वाट्याला दोन-तीन येतात. त्यातही पदं रिकामी असली तर आपाचं गणित.

त्याऐवजी आपण देतो ते कौतुक. केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला. तिथपासून १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या तोवर, जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या सेवेचा गौरव केला. मॅस्लाक यांच्या दुसऱ्या गटातल्या पाचही प्रश्नांना दिलेलं हे उत्तर आहे. मान लवावी असंच. पण असं उदाहरण हाताशी आलं की आपल्याला एक सोपी वाट सापडते. सिस्टर म्हणजे देवी, आणि देवीला ड्यूटीचे तास नसतात. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण थाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली गेली. ते वर्ष नाइटिंगेलबाईंच्या जन्माचं दोनशेवं वर्ष होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ते परिचारिकांचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. फुलं झाडून झाल्यावर पुन्हा वॉर्डात तेवढ्याच जणी होत्या.

याच संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद रोगांच्या नव्या वर्गीकरणात घेतली. पण रोग म्हणून नाही. कामाशी निगडित स्थिती म्हणून, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. रोग म्हटलं की औषध ज्याला रोग झाला त्याला द्यायचं : योगासनं करा, ध्यान करा, सकारात्मक राहा. कामातून आलेलं आहे म्हटलं की प्रश्न पाळ्या लावणाऱ्याकडे जातो. योगासनं चांगलीच, पण साठ पेशंटांना दोघी असतील तर कुठल्याही आसनानं तिसरी येत नाही. संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि ५८ लाख कमी पडतात. आपल्या मुली शिकून आखातात, इंग्लंडात जातात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिथे रात्रीच्या वाट्याला कमी खाटा येतात, तिकडे त्या निघाल्या आहेत.

प्रश्नावल्या सुधारत राहतील; त्या संशोधकांनी सुधाराव्यात. आपल्याला त्यांचं गुणांकन येण्याची गरज नाही. पुढच्या वेळी कुणा आजाऱ्याला भेटायला वॉर्डात जाल, तेव्हा दोन गोष्टी मोजा : खाटा किती आणि सिस्टर किती. रात्रीची विचारा, दिवसाची नको. आणि तो आकडा तिथल्या सिस्टरला सुनावू नका, तिला तो पाठ आहे. तो रुग्णालयाच्या अधिकाऱ्याला विचारा, नगरसेवकाला विचारा, आमदाराला विचारा. आपलं माणूस त्या खाटेवर आहे, एवढा अधिकार पुरेसा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)